वसईची पश्चिम किनारपट्टी की अलिबागचा उत्तर किनारा? घरासाठी जागा पाहण्याआधी

नोकरी मुंबईत, पण घर समुद्राजवळ, स्वतःच्या जमिनीवर, अंगण आणि विहिरीसकट हवं, असं ठरवलेल्या कुटुंबाच्या यादीत दोन पट्टे हमखास असतात. एक वसईच्या पश्चिमेचा: गिरीज, भुईगाव, निर्मळ, कळंब ते थेट अर्नाळा. दुसरा अलिबागचा उत्तर किनारा: मांडवा, सासवणे, आवास, किहीम, चोंढी. डिसेंबरातल्या रविवारी दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या सारख्याच मोहात पाडतात, आणि त्या मोहात दिलेला विसार पुढे फार महागात पडतो. म्हणून जागा तीनदा पाहावी. एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात, विहिरीचा तळ पाहायला. एकदा जुलै-ऑगस्टात अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, भरती साडेचार मीटरच्या वर असेल त्या दिवशी. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बारा ते दीडच्या सुमारास येते, त्यामुळे दिवसाउजेडी सगळं दिसतं. आणि एकदा कामाच्या मंगळवारी सकाळी, त्या गावातून निघून कचेरीच्या दारापर्यंत, हातात घड्याळ धरून.

रोजचं जाणं-येणं

इथे वसई सरळ पुढे आहे. वसई रोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे 52 किलोमीटरवर आहे आणि जलद लोकलला सव्वा तासाच्या आसपास लागतो. लोक विसरतात ते स्थानकापर्यंतचं अंतर. गिरीज-भुईगाव पट्टा स्थानकापासून 6 ते 8 किलोमीटर आत आहे. अर्नाळ्याला तर विरारच जवळ. सकाळी रिक्षा किंवा बस मिळून फलाटावर पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि विरारहून भरून आलेल्या गाडीत वसईला चढणं हा वेगळाच प्रश्न. वसईहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहून दिनक्रम बसत असेल तरच रोजचा प्रवास माणसाला झेपतो. भाईंदरला जायला फेब्रुवारी 2024 पासून रो-रो (गाड्या वाहून नेणारी) बोट आहे, त्यामुळे गाडीवाल्यांचा महामार्गाचा मोठा वळसा वाचतो.

अलिबागकडे सगळा हिशेब पाण्यावर आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा मार्च 2020 मध्ये सुरू झाली. प्रवास साधारण तासाभराचा, गाडीसकट. गेटवेहून सुटणाऱ्या लाँच आणि कॅटामरान मात्र पावसाळ्यात बंद असतात. रो-रो पावसातही चालते, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. घर ते मांडवा, धक्क्यावरची वाट पाहणं, बोट आणि पुढे टॅक्सी हे सगळं धरलं तर एका बाजूला अडीच तास धरा. रस्त्याने जायचं तर पेण-वडखळवरून सुमारे 100 किलोमीटर. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे उरण-पनवेलपर्यंतचा भाग सुकर झाला, पण वडखळ-अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारची कोंडी आहे तशीच आहे. रेवस-करंजा पुलाचं नाव प्रत्येक दलाल घेतो. पूल होईल तेव्हा होईल. आज त्याच्या भरवशावर मुलांची शाळा ठरवू नये.

आमचं मत स्पष्ट आहे: आठवड्यात चार-पाच दिवस मुंबई गाठायची असेल तर अलिबाग सोडून द्यावं. दोन दिवसांवर भागत असेल तरच पुढचं वाचताना त्याला वसईच्या बरोबरीने तोलावं.

दवाखान्याचंही तेच. वसईत खाजगी रुग्णालयं बरीच आहेत आणि मुंबई रेल्वेने जोडलेली आहे. अलिबागेत जिल्हा रुग्णालय आहे, तरी गंभीर रुग्णाला बहुधा नवी मुंबई किंवा मुंबईला हलवावं लागतं. घरात हृदयविकाराचं किंवा डायलिसिसचं माणूस असेल तर हा मुद्दा समुद्राच्या दृश्यापेक्षा मोठा आहे.

जमीन पायाखाली कशी आहे

किनाऱ्यावरची सगळी जमीन एकसारखी नसते, आणि गावकऱ्यांची नावं ऐकली की अर्धं उत्तर मिळतं. पुळण म्हणजे समुद्रालगतचा वाळूचा उंचवटा. त्यामागे वाड्या. त्याच्या आत खोलगट भातशेती, आणि खाडीकडे खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याखाली येणारी किंवा बांध घालून मिळवलेली जमीन. घर शक्यतो वाडीच्या उंचवट्यावर असावं. स्वस्तात मिळणारा तुकडा बहुधा भातखाचरात किंवा खाजणात असतो, म्हणूनच तो स्वस्त असतो.

वसईत धोका पूर्वेकडून येतो. मूळची मिठागरं आणि सखल भाग भराव घालून उंच झाले, नाले अरुंद झाले, आणि पावसाचं पाणी भरतीच्या वेळी बाहेर पडू शकत नाही. जुलै 2018 मध्ये वसई-विरारमध्ये पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. पश्चिमेची गावं थोडी उंच असली तरी स्थानकाकडचा रस्ता पाण्याखाली गेला की घर कोरडं असून उपयोग नाही. अलिबागकडे चिंता वाऱ्याची आणि बांधांची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, पत्रे उडाले, कित्येक गावं बरेच दिवस अंधारात होती. धरमतर खाडीच्या बाजूला उधाणात खारबंदिस्तीला (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड पडते आणि खारं पाणी शेतात शिरतं. तसा एखादा प्रसंग झालेल्या शेताच्या जवळपासचा गट घेऊच नये.

प्लॉटवर गेल्यावर शेजारच्या घरांच्या भिंतींवर ओलीची रेघ किती उंच आहे ते पाहा. कुंपणालगत तिवर किंवा मिरजोळी (खाऱ्या जमिनीतली झाडं) उगवलेली असेल तर जमिनीत मीठ आहे. दीड-दोन मीटरचा खड्डा खणून घ्या; मेमध्ये त्यात पाणी लागलं, तर पावसाळ्यात शोषखड्डा काम करणार नाही आणि सांडपाणी अंगणात उभं राहील.

कागद

वसईची बरीच किनारी गावं महापालिकेच्या हद्दीत येतात (महापालिका 2009 ची). म्हणून आधी विकास आराखड्यातला झोन पाहा. हरित पट्ट्यात बांधकामाला मिळणारं क्षेत्र फार तोकडं असतं. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हा कुळकायद्याच्या कलम 63 चा अडसर दोन्हीकडे सारखाच. घराला बिनशेती प्लॉट किंवा कायद्याने बिनशेती होऊ शकणारी जागाच लागते. वसईत अडचण वारसांची: एकेका वाडीत पाच-सहा भावंडांची नावं, काही परदेशी. सर्वांच्या सह्या, मोजणी आणि पोटहिस्सा झाल्याशिवाय पैसे हलवू नका. अलिबागेत सातबाऱ्याच्या इतर हक्कात कुळाची नोंद, कलम 43 ची (कुळकायद्याने मिळालेली जमीन विकण्यावरची) बंदी किंवा आदिवासी खातेदाराचं नाव सापडतं. लागते ती पूर्वपरवानगी न घेता झालेला असा व्यवहार टिकत नाही. सातबारा, 8अ, जुने फेरफार, तीस वर्षांचा शोध अहवाल आणि भूमी अभिलेखाची मोजणी, एवढं वकिलाच्या टेबलावर यायलाच हवं. ग्रामपंचायतीच्या ना-हरकत पत्रावर पाया खणू नका; त्या गटाला परवानगी कोणतं कार्यालय देतं हे लेखी विचारा.

त्यानंतर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे नियम. 2019 च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात दाट वस्तीला (2011 च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त) भरतीरेषेपासून 50 मीटर, विरळ वस्तीला 200 मीटर ना-विकास क्षेत्र आहे. किहीम-आवासच्या ‘समुद्राला लागून’ प्लॉटचा दर ऐकताना हा 200 मीटरचा आकडा डोक्यात असू द्या. दलालाच्या मोबाइलवरची रेघ चालत नाही. 1:4000 च्या मंजूर नकाशावर अधिकृत संस्थेकडून गट उतरवून घ्या. मोठ्या तिवरांभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही त्यातच कळतो.

पाणी

वसईला सूर्या प्रकल्पाचं पाणी मिळतं, पण जलवाहिनी प्रत्येक वाडीपर्यंत सारखी पोचत नाही. शेजाऱ्याला ‘पाणी येतं का’ असं विचारू नका. ‘मे महिन्यात किती दिवसांआड आणि किती तास’ हे विचारा. पूर्वी इथे बावखलं, म्हणजे वाड्यांतली जुनी तळी, पाणी धरून ठेवत. ती बुजली तिथे विहिरी खारट झाल्या. बावखल शाबूत असलेला परिसर सापडला तर चार पैसे जास्त मोजायला हरकत नाही. अलिबागच्या वाड्यांत विहिरी अजून बऱ्या आहेत, पण आजूबाजूला बंगल्यांचे तरणतलाव आणि बोअर वाढले की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खारं पाणी वर सरकतं.

मेमधला नमुना प्रयोगशाळेत द्या. पिण्यासाठी क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आत हवं. 1000 ही शेवटची मर्यादा. सळईच्या काँक्रीटसाठी 500 ची मर्यादा आहे, म्हणजे विहीर खारट असेल तर बांधकामालाही टँकर. पावसाचा हिशेब सोपा आहे: दोन्हीकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, 100 चौरस मीटर छप्पर, वीस टक्के वाया, म्हणजे वर्षाला 1 लाख 60 हजार लिटर. एवढी टाकी कोणी बांधत नाही. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज 50 लिटर धरले तर कोरड्या आठ महिन्यांना 12 हजार लिटर पुरतात: दोन बाय दोन मीटर, तीन मीटर खोल. उरलेलं विहिरीत सोडा. शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर हवा. चार-पाच गुंठ्यांत हे अंतर बसतं का, हे प्लॉट घेण्यापूर्वी कागदावर आखून पाहा.

बांधकामाचा जादा खर्च

खाऱ्या हवेत सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. आयएस 456 या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावर किमान एम 30 प्रतीचं काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 पर्यंत आणि सळईवर 45 मिलिमीटर आवरण लागतं. गावातले ठेकेदार सवयीने एम 20 आणि 25 मिलिमीटर धरतात. खाडीची न धुतलेली रेती साइटवर येऊ देऊ नका. हे दोन्हीकडे सारखंच, पण अलिबागेत माल लांबून येतो, आणि वाऱ्यासाठी कौलाखालची चौकट काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टने बांधावी लागते. नुसते खिळे वादळात उपटतात.

विसार देताना पावतीत तीन अटी लिहून घ्या: सीआरझेड नकाशा, मोजणी आणि मेमधला पाण्याचा अहवाल यांपैकी एकही प्रतिकूल आला तर पूर्ण रक्कम परत. विक्रेता यातल्या पाण्याच्या अटीवर अडून बसला, तर शेजारच्या विहिरीत मेमध्ये दोरी सोडून पाहा.