काज: चार टप्प्यांचं की एका टप्प्याचं?

शर्टाला सात-आठ सारखी काजं हवी असतील तर एका टप्प्याचं, म्हणजे पूर्ण काज एकाच दमात शिवणारं मशीन निवडावं. काजाच्या फूटमागच्या (फूट म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) खाचेत बटण बसवायचं, बाजूची दांडी पूर्ण खाली ओढायची. लांबी आपोआप जुळते. दांडी वर राहिली तर मशीन एकाच बाजूला शिवत राहतं. जाड शिवणीवर किंवा कॉलरपट्टीच्या कडेला मात्र हा लांब फूट तिरका होऊन अडकतो आणि टाके एकावर एक साचतात.

तिथे चार टप्पेच बरे, म्हणजे डायल फिरवून काजाचा एकेक भाग शिवायचा. लांबी खडूने आखावी लागते: बटणाचा व्यास अधिक जाडी, म्हणजे १२ मिमी रुंद, ३ मिमी जाड बटणाला १५ मिमी. एक बाजू, टोकाला ४-५ आडवे टाके, दुसरी बाजू, पुन्हा आडवे टाके. प्रत्येक वेळी सुई कापडाबाहेर काढूनच डायल फिरवा, नाहीतर सुई वाकते. घाऊक कामाला हे फार संथ. सात काजं हुबेहूब येणं कठीण.

दोन्हींत बटणपट्टीत पेस्टिंग (कापडाला आतून चिकटवायचं अस्तर) हवंच. त्याविना कापड चुणतं. काज कापताना टोकाच्या टाक्यांअलीकडे आडवी टाचणी लावा.