मांजरासाठी व्हरांड्याला जाळी: पैसे वसूल

तळमजल्यावर राहून मांजर पाळणाऱ्या प्रत्येकाने हे काम करून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. कोथरूडच्या आमच्या जुन्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्याला जवळच्याच एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलच्या फ्रेममध्ये एक इंची वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेल्या जाड तारांची जाळी, बसवून घेतली. कबुतरांसाठी लावतात त्या नायलॉनच्या जाळीपेक्षा हे बरंच महाग पडतं. पण नायलॉन मांजर कुरतडतं, आणि बारीक दोऱ्याची जाळी सैल पडली की शिंजीर, शिंपी असे चिमुकले पक्षीच तिच्यात अडकतात. जाड तारेला तो धोका नाही.

अंगणातल्या कढीपत्त्यावर लालबुड्या बुलबुलाचं घरटं असतं, हात पोचेल इतकं खाली. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येतात आणि काही दिवस खालच्या फांद्यांवर बसून राहतात. आईबाप चारा आणून भरवत असतात, आणि त्या सततच्या ये-जा करण्यानेच मांजराला ठिकाण कळतं. मांजराचं पोट भरलेलं असलं तरी ते झडप घालतंच.

गळ्यात घुंगरू बांधा, असं सगळे सांगतात. पण ज्या पिल्लाला उडताच येत नाही, त्याने घुंगरू ऐकून करायचं काय? एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या पाळीव मांजरांवर, घुंगराचा ठळक परिणाम दिसला नाही. उलट भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली, आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. म्हणून जाळीच्या आत आम्ही भिंतीला फळ्या ठोकल्या, संध्याकाळी काठीला पीस बांधून चिंगीला दमवतो. ती आता वरच्या फळीवर पसरून तासन्‌तास अंगण बघते. आधी दारापाशी ओरडायची, ते थांबलं.

कामात दोन उणिवा निघाल्या. सांडपाण्याच्या पाइपाशेजारी फट राहिली होती. मांजराचं डोकं गेलं की अंगही जातं. सांगितल्यावर फॅब्रिकेटरने येऊन पट्टी मारून दिली, वेगळे पैसे घेतले नाहीत. दुसरी म्हणजे वेल्डिंगच्या सांध्यांवर पहिल्याच पावसात गंज धरला. रंगाआधी रेडऑक्साइड (गंज रोखणारा अस्तराचा रंग) मारताना स्वतः उभे राहा.

दाराला स्प्रिंग हवीच, आणि कडी वरच्या बाजूला घ्या. खालची कडी चिंगी पंजाने सरकवते.