अजिंक्यताऱ्यावरचं धुकं आणि माझे सात हजार

रविवारी सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी चौघं जमतात. भडंग, चहा आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत, पात्रं बनून गोष्ट खेळायचा खेळ. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट आणि नकाशे माझ्याकडे. जुना 43 इंची टीव्ही कॅरमच्या स्टँडवर आडवा टाकायचा, त्यावर नकाशा लावायचा आणि वर बाहुल्या मांडायच्या. खेळाडूंनी न पाहिलेल्या खोल्या मी काळ्या कार्डशीटच्या तुकड्यांनी झाकायचो. कुणी पंखा लावला की सगळी गुपितं उघडी!

हेच काम सॉफ्टवेअर करतं, 'फॉग ऑफ वॉर' म्हणतात त्याला. गेम मास्टरच्या लॅपटॉपवर सगळा नकाशा, खेळाडूंच्या पडद्यावर फक्त त्यांना दिसेल तेवढाच. मला अजिंक्यतारा असाच धुक्यात दाखवायचा होता. नेमका तेव्हाच एका चॅट ग्रुपवर व्हिडिओ आला. मशाल पुढे सरकते तसं धुकं हटतंय, दार उघडलं की आतली खोली उजळतेय. 'लाइफटाइम लायसन्स 1,499 रुपये.' फोनवर माणूस इतका गोड, 'दादा, तुम्ही सातारा-सांगलीकडचे ना? मग तुमच्यासाठी खास.' मी विरघळलो. व्हिडिओत खिडकीची वरची पट्टी, जिथे सॉफ्टवेअरचं नाव असतं, ती कापलेली होती. हे मला आठ दिवसांनी दिसलं.

पैसे पाठवल्यावर म्हणाला, ॲक्टिव्हेशनसाठी 2,000 डिपॉझिट, परत मिळेल. तेही दिले. मग झिप फाइल आली आणि सूचना, 'अँटीव्हायरस बंद करून चालवा.' तीही पाळली. (हसा, हरकत नाही.)

रविवारी सगळ्यांसमोर सुरू केलं. आत साधा फोटो बघायचा प्रोग्रॅम आणि कुठून तरी गोळा केलेले नकाशे. लॅपटॉपवर जे, तेच टीव्हीवर. मी रंगवलेला चोरदरवाजा लाल खुणेसकट समोर. सापळे, लपलेले पहारेकरी, सगळं. नकाशावरची चौकट बाहुलीच्या मापाची, एक इंचाची करायची सोयसुद्धा नव्हती, बाहुल्या दोन-दोन चौकटींत पाय पसरून उभ्या.

तिथंच फोन लावला. तो लगेच वरमला, 'दादा, पूर्ण 3,499 परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा.' केला. पिन टाकला. बाजूला फासे घेऊन बसलेला मित्र म्हणाला, "लका, पैसे घ्यायला पिन कशाला लागतोय?" तोवर खात्यातून आणखी 3,499 गेले होते. एकूण 6,998.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं, लॅपटॉप फॉरमॅट मारला, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. पैशांचं अजून काही नाही. खरं दुखतंय ते वेगळंच. असे नकाशे दाखवणारं मॅपटूल हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स. तसंच दुसरं, आऊलबेअर रोडिओ, त्याची फुकट योजना आहे, ब्राउझरमध्ये चालते, धुकंही आहे. फाउंड्री या तिसऱ्याचं अधिकृत लायसन्ससुद्धा एकदाच घ्यायचं असतं आणि ते गेम मास्टरलाच लागतं, खेळाडूंना नाही. दहा मिनिटं शोधलं असतं तर कळलं असतं. तुम्हाला कुणी नुसता व्हिडिओ दाखवत असेल तर त्याला म्हणा, आत्ता माझा नकाशा लावून दाखव. माझ्या त्या 'दादा' म्हणणाऱ्याला हे मी एकदाही म्हटलं नाही.

परवाच्या रविवारी ब्राउझरमध्ये अजिंक्यतारा लावला. चोरदरवाजा आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तो मी तटाच्या दुसऱ्या बाजूला हलवलाय.