हितकारी कोंबडी: मान उघडी, हिशेब मात्र झाकलेला

उघड्या मानेचा पक्षी बाजारात नेला की पहिला प्रश्न ठरलेला, "हिला मानमोडी झालीय का?" काही झालेलं नसतं. मानेवर पीस न उगवणं हा जन्माचाच गुण आहे. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तो परसातल्या कोंबडीसाठी कामाला लावला. उघड्या मानेचे देशी पक्षी आणि संस्थेची 'कॅरी रेड' जातीची कोंबडी यांच्या संकरातून 'हितकारी' तयार झाली. उष्ण, दमट भागात अंडी आणि मटण दोन्हीसाठी ती पाळावी असा हेतू.

संस्थेने दिलेले आकडे असे: 20 आठवड्यांत नर सुमारे 1750 ग्रॅम, मादी 1320 ग्रॅम. पहिलं अंडं साधारण 178व्या दिवशी, वर्षाला 200 अंडी. पण 200 अंडी उकिरडा उकरून मिळत नाहीत. रोज 110-120 ग्रॅम लेयर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य), शिंपल्यांचा चुरा आणि चौदा तास उजेड दिला तर तिथवर पोचता येतं. दिवसभर मोकळी सोडून संध्याकाळी मूठभर कणी टाकणाऱ्याने ही अपेक्षा धरू नये.

उन्हाळ्यात मात्र पक्षी पैसे वसूल करतो. पारा तिशीच्या वर गेला की साधी कोंबडी धापा टाकते आणि खाणं सोडते. इथे उघड्या कातडीतून अंगातली उष्णता निघून जाते, म्हणून खाणं फारसं तुटत नाही. पिसं कमी म्हणजे पिसांवर खर्च होणारं प्रथिनही वाचतं. चामडीसकट भाजून, हळद लावून रस्सा करणाऱ्या घरात पिसं उपटण्याचं काम पटकन उरकतं. दुकानातून सोललेली कोंबडी आणणाऱ्यांना याचं काय कौतुक!

आता खरी मेख. बरेच जण एक कोंबडा आणि दहा तलंगा (अंड्यावर यायच्या बेतातल्या कोवळ्या कोंबड्या) आणतात आणि पुढे घरचीच पिल्लं काढायची ठरवतात. हितकारी मुळात संकर आहे, त्यामुळे पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि अंड्यांचं प्रमाण घसरतं. मानेचा हिशेब पिल्लू अंड्यातून निघतानाच दिसतो. गळ्याच्या खालच्या भागात पुढून पिसांचा पुंजका असेल तर उघड्या मानेच्या जनुकाची एकच प्रत आहे, म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच आलेली. मान जवळपास पूर्ण सफाचट असेल तर दोन. एका प्रतीने पिसं साधारण 20-30 टक्के घटतात, दोन प्रतींनी सुमारे 40 टक्के. पुंजकेवाला कोंबडा आणि पुंजकेवाली कोंबडी जोडली तर सरासरी चारात एक पिल्लू सफाचट, दोन पुंजकेवाली आणि एक साध्या मानेचं. पुंजकेवाला कोंबडा गावरान कोंबड्यांवर सोडला तर निम्मी पिल्लं साधी.

म्हणून अंड्यांसाठी दर खेपेला नवी पिल्लं विकत घ्यावीत. मटणासाठी मात्र घरचा संकर जमतो. त्याला सफाचट कोंबडा हवा. त्याची परीक्षा सोपी आहे: साध्या मानेच्या कोंबड्यांकडून त्याची दहा-बारा पिल्लं काढा. एकही साध्या मानेचं निघालं तर तो शुद्ध, म्हणजे दोन प्रतींचा, नाही. सगळी पुंजकेवाली निघाली तर खुशाल ठेवा. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या पुरेत. इथे हमखास होणारी चूक: जुना कोंबडा काढला त्याच आठवड्यात अंडी उबवायला ठेवतात. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. तीन आठवडे अंडी खाऊन टाका, मग जमवायला घ्या. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं खुडूक कोंबडीखाली ठेवू नका, आणि बारापेक्षा जास्त ठेवू नका. कडेची गार पडतात.

पिल्लांना मानेवर लव नसते, म्हणून ऊब जपावी लागते. पहिला आठवडा 35 अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढली तर ऊब कमी आहे. लांब पळून चोच उघडी ठेवून बसली तर जास्त. थंडीच्या दिवसांत ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी बल्बची सोय) आठवडाभर जास्त चालवावा लागतो, आणि मोठे पक्षीही गारठ्यात जास्त खातात. डोंगराळ, थंड गावात ही जात घेऊन उपयोग नाही.

दुसरा त्रास डासांचा. उघडी मान म्हणजे त्यांना पंगतच, आणि देवीचा रोग तेच पसरवतात. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस चुकवू नका, खुराड्याला बारीक जाळी लावा. मान लाल दिसली की दुसरे पक्षी टोचायला लागतात. गर्दी कमी करा, एका पक्ष्याला रात्री दोन चौरस फूट जागा द्या. रक्त आलेला पक्षी तेवढ्यापुरता डालग्याखाली वेगळा ठेवा.

विदर्भ, मराठवाडा, किनारपट्टी यांसाठी या जातीला माझे पाचपैकी चार गुण; घरच्या घरी बियाणं म्हणून टिकवायला अडीच. पिल्लं मागवायची तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघालेली घ्या. थंडीच्या आत अंगावर पिसं भरतात आणि फेब्रुवारीअखेर अंडी सुरू होतात, म्हणजे शेजारच्या कोंबड्या उन्हाने अंडी बंद करायच्या आत.