चॅट सर्व्हर कंटेनरमध्ये: प्रॉसडी की सिनॅप्स?

घरच्यांचा, ग्रुपचा नाहीतर छोट्या ऑफिसचा चॅट स्वतःच्या मशीनवर आणायचा, तोही डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन), असं ठरलं की शोध बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो: एक्सएमपीपीचा प्रॉसडी आणि मॅट्रिक्सचा सिनॅप्स. एक्सएमपीपी आणि मॅट्रिक्स हे चॅटचे दोन खुले प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि ॲपनी एकमेकांशी बोलायचे नियम. मी दोन्ही चालवले आहेत. उभे करायला दोन्हींना एक संध्याकाळ पुरते. खरा फरक कळतो सहा महिन्यांनी, डिस्क किती भरली ते बघताना.

प्रॉसडी लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, अंगाने अगदी सडपातळ. अर्धा जीबी रॅमच्या भाड्याच्या मशीनवर माझी तीस-चाळीस माणसं तो कुरकुर न करता सांभाळायचा. वेगळा डेटाबेस लागत नाही, मुळात सगळं साध्या फाइलींत ठेवतो. म्हणजे कंटेनर एकच आणि बाहेर दोन फोल्डर, एक कॉन्फिगचा, एक डेटाचा. बॅकअप घ्यायचा म्हणजे हे दोन उचलून दुसरीकडे ठेवायचे. मात्र संदेशांचा संग्रह तो मुळात एकच आठवडा राखतो. मुदत पहिल्याच दिवशी वाढवून ठेवा, नाहीतर कोणीतरी मागच्या महिन्यातला पत्ता मागेल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल.

प्रॉसडीची खोड सर्टिफिकेटची. तो 5222 पोर्टवर टीएलएस (संदेश कुलूपबंद करून पाठवण्याची पद्धत) स्वतःच बोलतो, त्यामुळे सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट कंटेनरच्या आत पोचवावं लागतं. मी फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचा फक्त ‘लाइव्ह’ फोल्डर आत जोडला आणि तासभर ‘फाइल सापडत नाही’ एवढंच वाचत बसलो. त्या फोल्डरमध्ये खऱ्या फाइली नसतातच, शेजारच्या ‘अर्काइव्ह’कडे बोट दाखवणाऱ्या सिमलिंक असतात आणि कंटेनरला ते शेजारघर दिसत नव्हतं. वरचा अख्खा फोल्डर जोडा किंवा फाइलींची प्रत करून द्या. खाजगी किल्ली आतल्या प्रॉसडी युजरला वाचता येते ना, हेही बघा. सर्टिफिकेट 90 दिवसांचं असतं, त्यामुळे नूतनीकरणानंतर रिलोडची सोय आधीच लावा.

सिनॅप्सला ही कटकट नाही. तो 8008 वर साधं एचटीटीपी बोलतो, पुढे टीएलएस सांभाळणारा एनजिनएक्स किंवा कॅडीसारखा वेब सर्व्हर असला की झालं. पण त्याची भूक मोठी. एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या छोट्या डेटाबेसवर सुरू होतो खरा, ते फक्त चाखून बघण्यापुरतं. रोजच्या वापराला पोस्टग्रेस या मोठ्या डेटाबेसचा दुसरा कंटेनर हवाच आणि त्यातला डेटाबेस ‘सी’ कोलेशनने (अक्षरांचा क्रम लावायच्या नियमाने) बनवावा लागतो. एक जीबी रॅममध्ये माझा सिनॅप्स सुरू झाला, पण धापा टाकत. त्यात एखाद्याने बाहेरच्या हजारो सदस्यांच्या सार्वजनिक रूममध्ये पाऊल टाकलं की त्या रूमची सगळी स्थिती तुमच्या डेटाबेसात येऊन बसते. पाहुणा एक, सामान ट्रकभर.

पोस्टग्रेसच्या इमेजपुढे (कंटेनर ज्या तयार साच्यातून बनतो तो) आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिण्याचा आळसही मला नडला. एका अपडेटला मुख्य आवृत्ती बदलली, जुन्या डेटाफाइली नव्या पोस्टग्रेसला उघडेनात. जुनी इमेज परत आणून, सगळ्या डेटाचा डंप (एका फाइलीत उतरवलेली प्रत) काढून, नवीत भरेपर्यंत मध्यरात्र उलटली. आवृत्तीचा आकडा लिहा.

मग सिनॅप्स घ्यायचाच कशाला? ॲपसाठी. मॅट्रिक्सचं एलिमेंट हे ॲप ॲन्ड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर, सगळीकडे मिळतं. सगळ्यांना एकच नाव सांगता येतं आणि जुना इतिहास सर्व्हरवर राहतो. एक्सएमपीपीत ॲन्ड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स फारच चांगलं, आयफोनवर मोनल. पण कोणाला काय दिसतं, काय दिसत नाही, हे प्रत्येकाच्या ॲपवर ठरतं. ते समजावण्यात वेळ जातो.

दोघांनाही लागू असलेली एक गोष्ट: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलला वळसा घालतात. फायरवॉलमध्ये बंद दिसणारं 8008 बाहेरून उघडं असू शकतं. ते 127.0.0.1 लाच, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच आतल्या पत्त्याला, बांधा.

माझं मत विचाराल तर घर आणि मित्रांसाठी प्रॉसडी. कॉन्फिग नकोसं वाटत असेल तर त्याच्यावरच बांधलेलं स्निकेट घ्या, त्यात आमंत्रणाची लिंक पाठवली की काम होतं. ऑफिसला जुनं बोलणं शोधायचं असेल आणि बाहेरच्या सर्व्हरांशीही बोलायचं असेल तर सिनॅप्स, दोन जीबी रॅम धरून. बाहेर बोलायचंच नसेल तर मॅटरमोस्ट हा ऑफिसच्या आतल्या चॅटचा सर्व्हर बघा.

सिनॅप्स घेतलात तर सर्व्हरचं नाव मात्र विचार करून टाका. ते नंतर बदलता येत नाही. मी ‘टेस्ट’ने सुरू होणारं नाव दिलं होतं. आजही सगळ्यांच्या पत्त्यात ते ‘टेस्ट’ आहे.