पहिला फिल्म कॅमेरा: पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१ की निकॉन एफई?

जुना फिल्म कॅमेरा घेऊन एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) शिकायचं मनात असेल, तर तो मॅन्युअल आहे की ऑटो हे नंतर बघा. आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा आणि आत काय काय दिसतं ते पाहा. रोलवर फोटो लगेच दिसत नाही. छत्तीस फ्रेम संपून रोल धुऊन येईपर्यंत कुठे चुकलं याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे बटण दाबताना कॅमेरा तुम्हाला काय सांगतोय, यावर सगळं अवलंबून आहे.

के१००० हा १९७६ ते १९९७ इतकी वर्षं बनत होता. शटर पूर्ण यांत्रिक, सेल फक्त मीटरसाठी, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेसाठी. सेल संपला तरी फोटो निघतो. आत उजवीकडे एकच काटा: मध्ये आला की मीटरच्या हिशेबाने एक्स्पोजर बरोबर. पण शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं छिद्र किती उघडं) किती ठेवलंय ते आत दिसत नाही, दर वेळी डोळा काढून बघावं लागतं. काम सावकाश होतं, मात्र दोन्ही आकडे स्वतःच्या हाताने फिरवल्याने डोक्यात पक्के बसतात. मीटरला वेगळं बटण नाही. लेन्सवर झाकण लावलं नाही, तर सेल उतरत राहतो.

एई-१ सुद्धा १९७६ चाच. यात शटर स्पीड तुम्ही ठरवायचा, अ‍ॅपर्चर कॅमेरा निवडतो आणि ते काट्याने दाखवतो. पळणारी मुलं किंवा कबड्डी टिपायची असेल तर फार सोयीचं. शिकण्यासाठी मात्र मी हा घेणार नाही. लेन्सवरची रिंग ऑटोवरून हलवली की काटा स्वतःचा सल्ला देत राहतो, पण तुम्ही लावलेलं अ‍ॅपर्चर आत कुठेच दिसत नाही. आणि सेल संपला की शटर उघडतच नाही.

एफई (१९७८) इथे सरस ठरतो. अ‍ॅपर्चर तुम्ही निवडता आणि ते वरच्या छोट्या खिडकीत दिसतं. डावीकडे शटर स्पीडची पट्टी. तिच्यावर काळा काटा मीटरचा, हिरवा तुम्ही लावलेल्या स्पीडचा. समजा ढगाळ दिवस आहे, रोल आयएसओ २०० चा (हा आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो), अ‍ॅपर्चर एफ/८ (हा आकडा मोठा तितकं छिद्र लहान), आणि फ्रेमभर चुन्याची पांढरी भिंत. मीटर समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम करडं धरून चालतो, म्हणून काळा काटा ५०० वर, म्हणजे १/५०० सेकंदावर जातो. तसाच फोटो काढलात तर भिंत करडी आणि तिच्यासमोरचा माणूस काळवंडलेला. हिरवा काटा १२५ वर आणा. उजेड दुप्पट किंवा निम्मा होणं म्हणजे एक स्टॉप; दोन काट्यांमधलं अंतर म्हणजे दोन स्टॉप, तुमच्या डोळ्यांसमोर. स्टॉप म्हणजे काय हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यात दिसलेलं नाही. घाई असेल तेव्हा डायल ऑटोवर ठेवायची, की झालं.

तिघांचीही एक मर्यादा सारखीच: सर्वात जलद शटर १/१०००. आयएसओ ४०० चा रोल घालून भर दुपारच्या उन्हात उभे राहिलात, तर एफ/१६ ला १/५०० लागतो, म्हणजे १/१००० ला एफ/११. एफ/२ वर पार्श्वभूमी धूसर करायचा विचार सोडाच, पाच स्टॉप जास्त उजेड पडेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात १०० किंवा २०० चा रोल बरा. ४०० च घालायचा असेल आणि खिशाला परवडत असेल, तर १९८२ चा निकॉन एफएम२ पाहा; १/४००० मुळे त्यात एफ/५.६ पर्यंत येता येतं. तो के१०००सारखाच यांत्रिक आहे, पण काट्यांऐवजी अधिक-उणेचे दिवे आहेत.

एफईची खरी अडचण दुरुस्तीची. त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे. सेल नसताना १/९० आणि बल्ब (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) एवढंच चालतं, आणि सर्किट गेलं तर जुळवाजुळव कठीण. तुमच्या गावात यांत्रिक कॅमेरे उघडणारा कारागीर असेल आणि हाती आलेल्या एफईची खात्री वाटत नसेल, तर बिनधास्त के१००० घ्या.

एफई तपासताना दोन एलआर४४ सेल सोबत न्या. फिल्म पुढे सरकवायचा दांडा थोडा बाहेर ओढला की मीटर चालू होतो. कॅमेरा खिडकीकडे, मग टेबलाखालच्या अंधाराकडे धरा. काळा काटा न अडखळता वरखाली झाला पाहिजे. मधेच अडकला किंवा थरथरला, तर तो नग सोडून द्या.