मोटारसायकलची जळालेली कॉइल : नवी बसवावी की जुनीच भरून घ्यावी?

अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन फिरताना वीज तयार करणाऱ्या भागाची, कॉइल जळाली आहे हे मीटर लावून नक्की झाले, की घरी काम करणाऱ्यापुढे दोन वाटा उरतात : तयार नवी कॉइल आणून बसवायची, नाहीतर आपल्याच गाडीची कॉइल काढून ती भरून घ्यायची, म्हणजे जळकी तार काढून त्याच लोखंडी गाभ्यावर नवी गुंडाळून घ्यायची. माझ्या एकाच गाडीवर मी हे दोन्ही केले आहे. इथे नक्की होणे म्हणजे कॉइलमधून निघणाऱ्या तीन तारांपैकी एखादी इंजिनच्या धातूशी जोडलेली दिसणे, किंवा इंजिन मिनिटाला साधारण 5000 फेऱ्यांवर असताना तारांच्या तिन्ही जोड्यांवरचे एसी व्होल्ट सारखे न भरणे. केवळ बॅटरी उतरते म्हणून इंजिन उघडू नये. तसेच माझ्या गाडीत कॉइल डाव्या साइड कव्हरच्या आतून बसते आणि कॉइलभोवती फिरणारा मॅग्नेट क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्यावरच राहतो, त्यामुळे पुलर (मॅग्नेट ओढून काढायचे हत्यार) लागत नाही. ज्या गाडीत मॅग्नेट काढल्याशिवाय कॉइलपर्यंत पोहोचता येत नाही, तिथे योग्य पुलर हाताशी असल्याखेरीज काम सुरू करू नये.

नव्या कॉइलच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. वाइंडिंग यंत्रावर झालेले असते, वेढे एकसारखे असतात, आणि सकाळी कव्हर उघडले तर संध्याकाळपर्यंत गाडी चालू होते. चार्जिंगच्या बाबतीत मला दोन्हींत फरक जाणवला नाही. नवी असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या थोडे वर दिसत असे, भरलेलीवरही तेच दिसते, आणि रात्री संथ इंजिनवर हेडलाइट मंदावण्याचे प्रमाणही तेवढेच वाटते. मी काटेकोर मोजणी केलेली नाही, रोजच्या वापरातला अनुभव सांगतो आहे.

माझा निर्णय झाला तो तारा कव्हरबाहेर पडतात तिथल्या रबरावर. या ग्रोमेटच्या कडेला एक खाच असते, ती कव्हरच्या कापात बसते आणि कव्हर व इंजिन यांच्यामधला सांधा बंद करणारे पॅकिंग तिच्यालगत दाबले जाते. जुने ग्रोमेट अंगठ्याने जोर लावून काढावे लागले होते. नव्या कॉइलचे मात्र बोटाने ढकलताच आत गेले, आणि ते इतक्या सहज गेले तेव्हाच मी थांबायला हवे होते. तिसऱ्या दिवशी गिअर लिव्हरच्या टोकावर तेलाचा थेंब दिसला, आठवड्याभरात बुटाच्या टोकाला कायमचा डाग पडला. बोल्ट आणखी आवळून असली गळती थांबत नाही; उलट 6 मिमीच्या बोल्टचे ॲल्युमिनियममधले आटे जाण्याची भीती असते. म्हणून कव्हर पुन्हा उघडावे लागले.

हे पुन्हा उघडणे सांगायला दोन शब्दांचे असले तरी करायला अर्ध्या दिवसाचे आहे. तेल काढायचे, मग मॅग्नेटने धरून ठेवलेले कव्हर दोन्ही हातांनी सरळ ओढायचे, आणि ते एकदम सुटते तेव्हा स्टार्टरच्या गिअरचा शाफ्ट व वॉशर त्याच्याबरोबर खाली पडणार नाहीत याकडे लक्ष ठेवायचे. बसवताना शेवटच्या दोन बोटांच्या अंतरात मॅग्नेट कव्हरला इतक्या जोराने खेचतो, की कडेला बोट असेल तर ते चेमटलेच. या साऱ्याहून त्रासाचे काम पॅकिंगचे. निम्मे कव्हरला आणि निम्मे इंजिनला चिकटून उष्णतेने भाजलेले असते. ते पाते आडवे धरून कणाकणाने खरवडावे लागते आणि पाते जरा निसटले तर ॲल्युमिनियमवर ओरखडा उठून तिथूनच तेल झिरपू लागते. मी खाचेत सिलिकॉन भरले, काही महिने ठीक गेले, मग पुन्हा थेंब आला. सुस्थितीत असलेल्या कॉइलसाठी, केवळ एका सैल रबरापायी, हे काम मी तीन वेळा केले.

सुदैवाने जुनी जळकी कॉइल मी टाकून दिली नव्हती. ज्यांवर तार गुंडाळलेली असते त्या तिच्या दातांपैकी काही मधाच्या रंगाचे आणि काही कोळशासारखे काळे झालेले होते, पण लोखंडी गाभा, मूळ तारा आणि ग्रोमेट शाबूत होते. भरून देणाऱ्याला मी ग्रोमेट व बाहेरच्या तारा तशाच ठेवायला सांगितल्या. जुन्या तारेची जाडी आणि प्रत्येक दातावरचे वेढे मोजूनच नवे घालायला आणि 180 अंश किंवा त्याहून अधिक तापमान सोसणारी तार वापरायला सांगितले. ग्रोमेट पूर्वीसारखेच अंगठ्याने दाबून बसवावे लागले आणि तेव्हापासून तेलाचा एक थेंबही बाहेर आलेला नाही.

भरलेल्या कॉइलचे सारे यश भरणाऱ्याच्या हातावर असते, हे मान्य करायला हवे. जुनी तार उपसताना गाभ्यावरचा इन्सुलेशनचा थर उडाला आणि तो तसाच राहिला, तर नवी तार काही दिवसांतच लोखंडाला टेकते. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक तार आणि गाभा यांच्यामध्ये मीटर लावावा, आणि कव्हर बसल्यावर इंजिन सुरू करण्याआधी क्रँक हाताने दोन फेरे फिरवून कुठे घासत नाही ना ते ऐकावे. शिवाय कॉइल भरून येईपर्यंत गाडी उघडी राहते. त्या काळात मॅग्नेट स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवावा, कारण तो लोखंडाचा बारीक कीसही ओढून घेतो. गाडी रोज लागत असेल तर माझ्यासारखे नव्या कॉइलवर दिवस काढून दरम्यान जुनी निवांत भरून घेता येते. रेक्टिफायर (कॉइलची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) बिघडलेला असेल किंवा तारांचा प्लग करपलेला असेल, तर मात्र दोन्हींपैकी कोणतीही कॉइल पुन्हा जळण्याचा धोका राहतो.

सर्वच नव्या कॉइलचे रबर सैल असते असे मी म्हणणार नाही, आणि गाडीच्या मूळ कंपनीचीच कॉइल मिळाली तर ही अडचण बहुधा येणारही नाही. तरीही नवीच बसवायची असेल, तर कव्हर उघडल्यावर आणि पॅकिंग खरवडायला घेण्यापूर्वी तिचे ग्रोमेट कव्हरच्या कापात नुसते बसवून पाहावे. ते बोटाने सहज सरकत असेल, तर नवी परत करावी आणि जुनी भरायला द्यावी.